मांडवातला पुकारा आणि टेपचं यंत्र

मेहकरकडच्या मालेगावच्या बसस्थानकासमोरच्या गल्लीत ‘ज्योत्स्ना फोटो अँड व्हिडिओ’ नावाचं दुकान आहे. खाली फोटो काढतात, वर लग्नं कापतात. वर बसून कापणाऱ्या आणि जोडणाऱ्या माणसाचं नाव गजेंद्र उकंडराव इरतकर. तालुक्यातले निम्मे संसार त्याच्या हाताखालून गेलेले आहेत. त्यातले काही पुढे मोडले. पण गजेंद्रने जोडलेल्या सीडीत ते अजून व्यवस्थित चालू आहेत.

गजेंद्र माळ्याच्या घरातला. मेहकर रस्त्याला त्यांचं वावर, त्यात वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. बाप उकंडराव अजूनही सकाळी भाजी बाजारात नेतो. उकंडरावाची फवारणीची एक पद्धत आहे, आणि ती एकट्या त्याची नाही, सगळ्या शिवाराची आहे. वांग्यावर काही दिसलं की तो कृषी केंद्रात जातो, दुकानदार देईल त्या बाटल्या आणतो, घरात मागल्या खेपेची उरलेली बाटली असते तीही काढतो, वर फुलोऱ्याचं टॉनिक घेतो आणि सगळं एकाच पंपात ओततो. “पंप एक, पाठ एक, मंग चकरा चार कायले?” असं त्याचं म्हणणं. वांगी सुधारली तर कोणत्या बाटलीने सुधारली ते कळत नाही. पानं करपली तर कोणत्या बाटलीने करपली तेही कळत नाही. त्याबद्दल कोणी विचारतही नाही.

गजेंद्रचं मन वावरात रमलं नाही. तो दुकानात लागला तेव्हा शूटिंग कॅसेटवर होई. पुढे कार्डं आली, डिस्का आल्या, सर्व्हर आला. काम मात्र तेच राहिलं. लग्न बघायचं, रुसवेफुगवे काढून टाकायचे, उरलेल्यावर गाणी चढवायची. सगळ्यावर गाणीच चढायची असल्यामुळे वरच्या खोलीत स्पीकर नव्हता. गजेंद्र लग्नं मुकीच बघे. वर्षानुवर्षं बघून बघून त्याला असं झालं होतं, की नुसत्या चेहऱ्यावरून आहेराचं लुगडं हलकं निघालं की भारी ते त्याला कळे. आवाजाची त्याला कधी गरज पडली नाही.

लग्नातला आवाज तसा कॅमेऱ्यातही येत नसे, आणि त्यालाही कारण होतं. पूर्वी एका लग्नाच्या पंगतीत नवरदेवाचा काका शेजारच्याला म्हणाला, “हे लाडू गोफणीत घालून हानाच्या कामाचे हायत.” नेमकं त्या जागी गाणं चढवायचं राहिलं. सीडी मुलीच्या घरी वाजली, आणि मुलगी महिनाभर माहेरीच राहिली. तेव्हापासून दुकानाचे मालक बबनराव यांनी सगळ्या कॅमेऱ्यांचे माइक बंद करून टाकले. मांडवातल्या लाउडस्पीकरवर जे काही जाहीरपणे बोललं जाईल तेवढंच एका छोट्या रेकॉर्डरवर घ्यायचं आणि लग्नाच्या फोल्डरात ‘आवाज’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात टाकायचं, असा नियम झाला. रेकॉर्डर जुना होता. गुरुजींनी श्वास घेतला की त्याची एक फाइल संपे आणि श्वास सोडला की दुसरी सुरू होई. एकेका लग्नाच्या शेकडो बारीक फायली त्या कप्प्यात साचत. त्या कप्प्यात पुन्हा कोणी डोकावत नसे.

टेपचं यंत्र दुकानात आलं ते गजेंद्रच्या आग्रहाने. एका उन्हाळ्यात दोन डिस्का पाठोपाठ बसल्या, आणि त्यांच्याबरोबर बरीचशी लग्नंही बसली. गजेंद्रचा शाळेतला मित्र हरिसिंग राठोड, जऊळक्याजवळच्या तांड्यातला, नागपुरात मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतो. त्याच्या ओळखीने एका कंपनीने मोडीत काढलेलं टेपचं यंत्र मिळालं. जाडसर चौकोनी कॅसेट त्यात घालायची, सर्व्हरवरचं सगळं तिच्यावर उतरवायचं आणि कॅसेट कपाटात ठेवायची. वीज लागत नाही, बसत नाही, तीस वर्षं हलत नाही.

“कॅसेटवरून डिस्कवर आलो,” बबनराव म्हणाले, “आता डिस्कवरून पुन्हा कॅसेटवर. गजू, बैलगाडी कधी आनतं?”

पण त्यांनी यंत्र घेतलं, कारण बसलेल्या लग्नांपैकी एक त्यांच्या साळ्याचं होतं.

यंत्र आल्यावर गजेंद्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, “तुमचं लगन आता कुठं जात नाही.” लोक मान डोलावत. लग्न कुठे जाईल अशी धास्ती बहुतेकांना नव्हती.

धास्ती होती ती केनवडच्या रुपाबाईला. दसरा झाल्यावर दोन दिवसांनी ती दुकानाचा जिना चढून वर आली आणि धापा टाकत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली.

“गजू, माह्या थोरलीच्या लग्नाचं शूटिंग तूनंच जोडलं होतं नं?”

“हाव मावशी.”

“सीडीत तर सारे गाणेच हायत.”

“गाणे तर टाकाच लागते.”

“अस्सल हाय का तुह्याजवळ? बिगर गाण्याचं?”

अस्सल होतं. आठ वर्षांपूर्वीचं ते लग्न सर्व्हरवर जसंच्या तसं पडलेलं होतं. मग रुपाबाईने गोष्ट सांगितली. गजेंद्रला ती अर्धी माहीत होती, कारण ती सगळ्या केनवडला माहीत होती.

मंगलाष्टकाच्या वेळी मुलीच्या पाठीशी मामाने उभं राहायचं असतं. रुपाबाईचा एकुलता भाऊ देवमन, मंगरूळपीरकडचा. थोरलीच्या लग्नात अंतरपाट धरला आणि मामा जागेवर नव्हता. रुपाबाईचं म्हणणं, त्याला माइकवरून तीन वेळा पुकारलं, तो पंगतीत बसून राहिला, शेवटी आपल्या नवऱ्याच्या चुलतभावाला उभं करावं लागलं. देवमनचं म्हणणं, त्याला कोणी पुकारलंच नाही. बहिणीच्या सासरच्यांनी आपला माणूस मुद्दाम पुढे केला आणि बहिणीने ते होऊ दिलं. त्या दिवसापासून भाऊ बहिणीच्या उंबऱ्याला आला नव्हता. आणि आता तुळशीचं लग्न झालं की धाकटी सुचिता बोहल्यावर चढणार होती.

“त्यानं निरोप धाडला,” रुपाबाई म्हणाली. “मले पुकारलं हे दाखव, मी येतो अन् उभा राह्यतो. नाही तर तुह्या पोरीच्या पाठीशी ज्याले उभा करतं त्याले कर. पोरगी म्हनते, मामा नाही तर मी बोहल्यावर चढत नाही.”

“मंग आता लावू? दोन मिन्टात लागते.”

“नाही.” रुपाबाईने हात वर केला. “मी आधी पाह्यलं तर तो म्हनन, गजूले सांगून मिक्सिंग केलं. तूही नको पाहू. भाऊबीजेले तो येते. घरी येत नाही म्हनते, आधी दुकानात. तवा साऱ्याइच्या समोर उघडजो.”

“बरं.”

“सांभाळजो मातर.”

“मावशी,” गजेंद्र म्हणाला, “ते आता टेपवर जाऊन राह्यलं.”

हे बोलताना त्याला एक गोष्ट ठाऊक होती, आणि ती त्याने सांगितली नाही. टेपवर जात होतं खरं, पण ज्या वेगाने जात होतं त्या वेगाने धाकटीची पोरंसुद्धा लग्नाला आली असती.

झालं होतं असं. दिवाळीनंतर लग्नाआधीचे फोटो आणि फिल्मा सुरू होतात. त्यांना जागा लागते, आणि डिस्का भरलेल्या होत्या. बबनरावांनी सांगून टाकलं होतं की धनतेरसच्या सकाळी जुन्या डिस्का पुसायच्या. टेपवर गेलं असेल तर उत्तम. नसेल गेलं तर ज्याने त्याने आपापली सीडी नेलेली आहेच. टेपचं काम दुकान बंद झाल्यावर लागे, कारण ते चालू असताना सर्व्हर इतका मंद होई की नवरीने एक पाऊल उचललं की ते खाली येईपर्यंत चहा पिऊन व्हायचा. दुकान उघडल्यावर काम थांबवावं लागे. रोज सकाळी गजेंद्र येऊन बघे, तर एखाददुसरंच लग्न उतरलेलं असे. शिल्लक रांग मोठी होती आणि रुपाबाईचं लग्न रांगेच्या शेवटाकडे होतं. ते एकटंच काढून पुढे आणता आलं असतं, पण त्याला हात न लावण्याचा शब्द गजेंद्रने रुपाबाईला दिला होता, आणि शब्द म्हणजे शब्द. शिवाय पुसल्या जाणाऱ्या बाकीच्या लग्नांनाही त्याने शब्द दिलेला होताच.

त्याने यंत्राला कान लावून पाहिलं. कॅसेट थोडी पुढे जाई, थांबे, कर्रकन मागे येई आणि पुन्हा पुढे. रात्रभर तिचं हे आलटून-पालटून चाले. त्याने हरिसिंगला फोन लावला आणि फोन यंत्राजवळ धरला.

“ऐकू आलं?”

“आलं,” हरिसिंग म्हणाला. “उपाशी हाय ते.”

“म्हंजे?”

“तुह्या बापाच्या विहिरीले झरा कमी झाला की मोटर काय करते? पानी ओढते, फुसफुसते, बंद पडते. पानी भरलं की पुन्हा चालू. तसंच हाय हे. टेपले एकसारखी धार लागते. तू थेंब थेंब देऊन राह्यला. माल सरला की ते थांबते, मागं येते, जागा धुंडते, मंग पुढं जाते. त्यातच त्याचा सारा टाइम चालला.”

“मंग करू काय?”

हरिसिंगने एकेक करून सांगितलं. टेपवर लिहिण्याचा एक घास असतो, त्याला ब्लॉक म्हणतात; तो फार लहान आहे, मोठा कर. मधे माल साठवायचा हौद असतो, बफर, तो वाढव. व्हिडिओ आधीच दाबून बारीक केलेला असतो, त्याला पुन्हा दाबायचं कम्प्रेशन बंद कर. अँटिव्हायरस दर फाइलची झडती घेतो, त्याला या कामापुरतं दूर ठेव. लिहिलेलं पुन्हा वाचून पडताळायचं काम दिवसा वेगळं लाव. आणि बारीक बारीक कचरा फायली असतात, सॉफ्टवेअरने आपल्या सोयीसाठी केलेल्या, त्या वगळ. त्यांनी फार अडते.

“पन ऐक,” तो म्हणाला. “एका वेळी एकच बदलव. चालवून पाह्य. किती फरक पडला ते लिहून ठेव. मंग दुसरं. साऱ्याइले एकदम हात लावू नको.”

“हाव.”

“हाव नाही. समजलं का ते सांग.”

“समजलं बाप्पा. एकेक.”

गजेंद्रला ते खरोखरच समजलं होतं. त्याने कागदावर सहाही गोष्टी लिहून घेतल्या आणि पहिलीवर बोट ठेवलं. मग त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. एकेक करून चालवून बघायचं तर धनतेरस उजाडणार होती. सर्व्हर तोच, टेप तीच, काम तेच. मग चकरा सहा कशाला? बापाचा पंप त्याच्या पाठीवरून उतरून कितीतरी वर्षं झाली होती. ब्लॉक मोठा केला, हौद वाढवला, कम्प्रेशन काढलं, अँटिव्हायरसला रजा दिली, पडताळणी बंद केली. राहिल्या कचरा फायली. कोणत्या फायली फार बारीक आणि फार जास्त आहेत म्हणून त्याने बघितलं, तर प्रत्येक लग्नात एकच कप्पा तसा निघाला. त्या कप्प्याचं नाव वाचूनही त्याच्या मनात काही आलं नाही. शेतातलं बुजगावणं रोज दिसतं, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही. त्याने तो कप्पा वगळण्याच्या यादीत घातला आणि दुकान बंद केलं.

सकाळी तो आला तेव्हा यंत्र पुढे-मागे करत नव्हतं. एकसारखा घुंऽऽ असा आवाज होता, आणि मोठा ढीग उतरलेला होता. चार दिवसांत सगळी रांग कॅसेटांवर आली. रुपाबाईच्या थोरलीचं नाव यादीत होतं. त्याने दोनदा वाचलं. बबनराव वर आले, कपाटातल्या कॅसेटांवरून हात फिरवला आणि म्हणाले, “दिसते तर बरं.”

हरिसिंगचा फोन आला. “कायनं झालं फास्ट?”

“साऱ्याइनं मिळून.”



“गज्या, तू एकदम बदलवलं.”

“चालून राह्यलं नं पन.”

“चालून राह्यलं म्हनूनच इचारून राह्यलो. एक काम कर. पुसाच्या आधी एखादं लगन टेपवरून परत काढ अन् लावून पाह्य.”

हे मात्र गजेंद्रने मनापासून केलं. त्याने शिरपूरकडचं एक लग्न परत काढलं आणि शेवटपर्यंत बसून पाहिलं. वरात आली, नवरदेवाचा जोडा चोरीला गेला, नवरीची आजी रडली, आजीला पाहून फोटोवाला रडला. एकही चित्र अडकलं नाही. मुकं लग्न मुकंच दिसलं, जसं त्याला नेहमी दिसायचं. त्याने हरिसिंगला कळवलं, “फर्स्टक्लास.” आणि धनतेरसच्या सकाळी बबनरावांच्या देखत जुन्या डिस्का पुसल्या.

भाऊबीजेला ऊन चढल्यावर सगळे आले. रुपाबाई आधी आली. तिच्या हातात कापडी पिशवी होती, आणि पिशवीत ताटाची गोल कड उठून दिसत होती. निरांजनाची वात आणि सुपारी ती घरूनच घेऊन आली होती, पण पिशवी तिने खुर्चीखाली सरकवून ठेवली. मग देवमन आला, टोपी घालून, बायकोला पुढे घालून. बायको धनीबाई आल्या आल्या नणंदेजवळ बसली. त्या दोघींचं भांडण कधी नव्हतंच. देवमन दाराजवळच्या स्टुलावर बसला आणि भिंतीवरच्या नवरदेवांचे फोटो बघू लागला.

“देवमनभाऊ, इकडं या नं, दिसत नाही तिकून,” बबनराव म्हणाले.

“मले ऐकाचं हाय. ऐकू येते इथून.”

गजेंद्रने मुद्दाम एका मांडववाल्याकडून मोठा स्पीकर आणला होता. त्या खोलीत प्रथमच स्पीकर येत होता. त्याने टेपवरून परत काढलेलं लग्न सगळ्यांसमोर उघडलं. हळद सोडून दिली, वरात सोडून दिली आणि मांडव आणला. अंतरपाट धरलेला, गुरुजींचं तोंड हलतंय, माइक हातात घेतलेला एक माणूस मान उंच करून काहीतरी म्हणतोय. स्पीकर गप्प होता.

गजेंद्रने आवाज वाढवला. वायर काढून पुन्हा खोचली. मग ‘आवाज’ नावाचा कप्पा शोधू लागला. कप्पा नव्हता. त्याने शिरपूरकडचं लग्न उघडलं. त्यातही नव्हता. वगळण्याची यादी उघडली. त्यात होता.

 त्याने हात गुडघ्यावर ठेवले.

“काय झालं रे?” रुपाबाईने विचारलं.

“मावशी, आवाज नाही आला टेपवर.”

“मंग डिस्कवरून लाव.”

“डिस्क पुसली.”

“कोनं?”

“मीनं. आवाज मीनंच काढून टाकला. लवकर व्हावं म्हनून. मले समजलं नाही ते आवाज हाय म्हनून.”

 रुपाबाईच्या पायाने खुर्चीखालची पिशवी अजून थोडी आत सरकली. देवमन स्टुलावरून उठला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. आठ वर्षं बाळगलेलं बरोबर होतं असं कळलेल्या माणसाचा शांतपणा होता.

“मंग कायले बोलावलं इतक्या दूर?”

“चहा येऊन राह्यला,” बबनराव म्हणाले. “सांगतला हाय. चहा घेऊन जा.”

सांगितलेला चहा टाकून निघणं देवमनला जमलं नाही. तो पुन्हा बसला. गजेंद्रला वाटलं, दुसऱ्या कॅमेऱ्यात एखाद वेळी माइक चालू राहिला असेल. असं होणार नाही हे त्याला माहीत होतं, पण हाताला काहीतरी काम हवं होतं. त्याने दुसऱ्या कॅमेऱ्याची फाइल त्याच वेळेवर आणून लावली. तो कॅमेरा पंगतीत होता. अर्थात मुका होता. गजेंद्रने तो बंद केला नाही, कारण बंद केल्यावर काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं. चहा यायचा होता, आणि समोर चित्र हलत होतं, म्हणून सगळे तिकडे बघत राहिले.

लांबलचक पंगत. तिच्या मागे मांडव दिसत होता, मांडवात धरलेला अंतरपाट आणि माइकवाला. पंगतीत कॅमेऱ्याच्या समोरच देवमन मांडी घालून बसला होता. आठ वर्षांनी तरणा. पुढ्यात पोळ्या आणि वांग्याची भाजी.

मागे माइकवाल्याने मान उंच केली. देवमनने घास हातात धरून डोकं वर केलं आणि मांडवाकडे पाहिलं. मग घास खाल्ला.

माइकवाल्याने पुन्हा मान उंच केली. पंगतीतल्या देवमनने पुन्हा डोकं वर केलं. शेजारच्या माणसाने मांडवाकडे बोट दाखवून त्याला काही म्हटलं. देवमनने डावा हात हलवला, जातो जातो असा.

माइकवाल्याने तिसऱ्यांदा मान उंच केली. देवमनने डोकं वर केलं, अर्धा उठला, इतक्यात वाढप्या भाजीची बादली घेऊन आला. देवमन बसला. त्याने पुढ्यातल्या पत्रावळीकडे बोट केलं. वाढप्याने वाढलं. देवमनने अजून थोडं असं बोटाने दाखवलं. मागे मांडवात कोणीतरी एक माणूस नवरीच्या पाठीशी जाऊन उभा राहिला.

चहा आला. कपाला कोणी हात लावला नाही.

“तीन खेपा मान वर केली तुमीनं,” धनीबाई म्हणाली.

 देवमनने टोपी काढली, आतून बघितली आणि पुन्हा घातली.

“पुन्हा लाव,” रुपाबाई म्हणाली.

“नको,” देवमन म्हणाला. “दिसलं.” मग म्हणाला, “आवाज असता तर मीनं म्हनलं असतं मिक्सिंग केलं.”

“माहीत हाय मले.”

“भाजी चांगली झाली होती ते.”

“वांगे उकंडरावाच्या वावरातले होते,” रुपाबाई म्हणाली. “या गजूच्या बापाच्या.”

देवमनने गजेंद्रकडे पाहिलं. आता सगळा दोष वांग्यांवर जातो की काय असं गजेंद्रला क्षणभर वाटलं. पण देवमन फक्त म्हणाला, “हं,” आणि कप उचलला. रुपाबाईने खुर्चीखालून पिशवी ओढली, ताट काढलं, निरांजन लावलं. पाट नव्हता, म्हणून देवमन त्याच स्टुलावर पूर्वेकडे तोंड करून बसला. पूर्वेकडे सर्व्हर होता. गजेंद्रचा हात शेजारच्या कॅमेऱ्याकडे गेला.

“ते राहू दे,” रुपाबाई म्हणाली. तिचे डोळे ताटावर होते.

सगळे गेल्यावर गजेंद्रने बबनरावांना नीट सांगितलं की एकट्या रुपाबाईच्या नव्हे, कपाटातल्या एकूण एक लग्नाचा आवाज गेला आहे. बबनरावांनी विचार केला. “आजपरेंत कोनी इचारला होता आवाज?”

“आज इचारला.”

“तेही निभलं,” बबनराव म्हणाले आणि खाली गेले.

गजेंद्रच्या घशाखाली मात्र ते उतरलं नाही. त्याने ज्यांना ज्यांना शब्द दिला होता त्यांतल्या कोणाला हे कधी कळणार नव्हतं, आणि त्यामुळे कोणाची माफीही मागता येणार नव्हती. घरी त्याने बायकोला, अंजूला, सांगितलं. तिने ऐकून घेतलं. “आपल्या लग्नाचा बी गेला?”

“हाव.”

“मामंजी बॅन्डवाल्यासंग भांडले होते ते?”

“ते बी.”

“चाला. काहीतरी बरं झालं,” अंजू म्हणाली आणि मेथी निवडू लागली.

हरिसिंगला फोन केल्यावर तो रागावला नाही, याचंच गजेंद्रला वाईट वाटलं. त्याने सांगितलं, आता सगळ्या सेटिंगा पहिल्यासारख्या कर आणि पहिल्यापासून एकेक बदल. गजेंद्रने तसं केलं. एक गोष्ट बदलून बघे, चालवी, लिहून ठेवी, मगच दुसऱ्याला हात लावी. तेव्हा दिसलं की खरा फरक ब्लॉक मोठा केल्याने आणि हौद वाढवल्याने पडला होता. कम्प्रेशन काढल्याने थोडा. अँटिव्हायरसला रजा देऊन जवळपास नाहीच. पडताळणी त्याने परत चालू केली आणि दुपारी लावली. आवाजाच्या फायलींनी अडत होतं, ते मात्र खरं निघालं.

“मंग त्या ठेवाच्या कशा?” त्याने हरिसिंगला विचारलं.

“एका गठ्ठ्यात बांध अन् गठ्ठा टेपवर टाक. शेकडो फायलींची एक फाइल.” हरिसिंग थांबला. “गज्या, तू माळ्याचा नं बे? मेथीची एकेक काडी तराजूत टाकून विकते का तुहा बाप?”

“नाही. जुडी बांधते.”

“मंग.”

गजेंद्रने समोर बसलेल्या अंजूच्या हातातल्या जुडीकडे पाहिलं आणि फोन ठेवला.

तुळशीचं लग्न झालं आणि चौथ्या दिवशी केनवडला सुचिताचं लग्न लागलं. पंगत मंगलाष्टकानंतरच बसेल असं रुपाबाईने आचाऱ्याला बजावून ठेवलं होतं. देवमन आदल्या दिवशीच येऊन राहिला होता. अंतरपाट यायच्या बऱ्याच आधीपासून तो नव्या टोपीत बोहल्याजवळ जाऊन उभा होता. नवरी अजून पावडर लावत होती. या खेपेस शूटिंगला गजेंद्र स्वतः आला होता. त्याने रेकॉर्डर बदलून घेतला होता, आणि माइकवाल्याच्या कानाशी जाऊन त्याने काहीतरी सांगितलं.

माइकवाल्याने मान उंच केली. “मुलीचे मामा देवमनराव, जिथं असतील तिथून त्वरित मांडवात यावं.”

“मी इथंच तर हाय,” देवमन म्हणाला.

“मुलीचे मामा देवमनराव, जिथं असतील तिथून त्वरित मांडवात यावं.”

“अरे इथं हाय न बाप्पा. तुह्या समोर.”

“असू द्या मामा,” गजेंद्र कॅमेऱ्यामागून म्हणाला. “आवाज घेऊन राह्यलो.”

तिसरा पुकारा झाला. देवमनने उभ्या जागीच हात वर केला, शाळेत हजेरीला करतात तसा, आणि मंगलाष्टकं सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तरी टेपचं यंत्र चालूच होतं. बबनराव वर आले आणि म्हणाले, “आज काहून उशीर लागून राह्यला?”

“जुडी बांधून राह्यलो,” गजेंद्र म्हणाला. त्याच्या टेबलावर आता एक छोटा स्पीकर होता, आणि तो लग्न पहिल्यापासून, गाणी चढवायच्या आधी, एकदा ऐकत होता.